तीन बनियन आणि एक एकर

आमच्या हॉस्टेलवर बारसं करायला आत्या लागत नाही. कुणी एका बैठकीत बारा पोळ्या खाल्ल्या की तो जन्माचा 'डझन' होतो. कुणी व्हायवाला घाबरून स्वतःचा रोल नंबर विसरला की तो पास आऊट होईपर्यंत 'गजनी'. माझं बारसं यंदाच्या गणपतीनंतर झालं. नाव ठेवलं 'बनियन'.

ज्युनियर मंडळी अधूनमधून विचारतात, "सर, हे नाव कसं पडलं?" मग माझा रूममेट तिखटमीठ लावून हकीकत सांगतो. दर वेळी त्यात एक बनियन वाढतो. आता आकडा सातवर गेला आहे. म्हटलं, आपणच एकदा खरं काय ते लिहून टाकावं, म्हणजे मॅगझिनची दोन पानंही भरतील आणि आमची बदनामीही थांबेल.

तर मित्रहो, गेल्या जूनमध्ये मी तीन कोरे, शंभर टक्के सुती बनियन विकत घेतले आणि आमच्या रानात तीन ठिकाणी वीतभर खोल पुरले. पूर्ण शुद्धीवर असताना. का पुरले ते सांगायचं तर तीन वर्षं मागं जावं लागेल.

आमचं गाव कृष्णाकाठी. काळी जमीन, पाणी मुबलक आणि जिकडं बघाल तिकडं ऊस. आमची तीन एकर. मी शाळेत होतो तेव्हा एकरी ५५ टन ऊस निघाल्याचं मला आठवतं. मी बारावीला आलो तोवर तो ३८ वर आला होता. युरियाची पोती मात्र दर वर्षी एकानं वाढत होती. अण्णांचा (म्हणजे माझ्या वडिलांचा) हिशेब सरळ होता. ऊस कमी पडतोय ना, मग खत वाढवा. सबमिशन राहिलं की आपण नाही का रात्रीचा चहा वाढवत, तसं!

एकदा सोसायटीत कुणी तरी म्हणालं म्हणून अण्णांनी माती तपासून आणली. रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आणि सामू ८.४. आपल्याकडे कर्ब ०.४० च्या खाली गेला की 'कमी' असा शेरा मारतात. अण्णांनी तो कागद नीट घडी करून कॅलेंडरच्या मागं खोचला. तो तिथंच राहिला. कर्ब म्हणजे काय आणि तो कोणत्या दुकानात मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आजीनं मात्र रिपोर्ट न वाचताच निदान केलं होतं. ती म्हणायची, "रानाला जेवाण न्हाई, आन् तुजा बा त्याला नुसतं सलाईन लावतोय."

मी त्या वेळी हसलो होतो. केमिकलला नुकती अ‍ॅडमिशन मिळाली होती. आजीकडून काय शिकायचं!

फर्स्ट इयरच्या हिवाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो तो क्रांतिकारक होऊन. हॉस्टेलवर रात्र रात्र जागून मी सेंद्रिय शेतीचे व्हिडिओ पाहिले होते. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या जीवामृताची कृती मला प्रॅक्टिकलच्या प्रोसीजरपेक्षा चांगली पाठ होती. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी अण्णांच्या पाठीच लागलो. "एक एकर मला द्या. एक कणही रासायनिक खत टाकायचं नाही. एका वर्षात दाखवतो."

अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घे. ओढ्याकडचा घे."

त्या एकरातला ऊस नुकताच तुटून गेला होता. शेजारी सगळे पाचट पेटवत होते. मी ते पेटवू दिलं नाही. इथवर मी बरोबर होतो. पण मी ते सगळं कच्चं पाचट नांगरून जमिनीत गाडलं, लगेच सुरूची लागण करायला लावली, एक पिंप जीवामृत सोडलं आणि हॉस्टेलवर परत आलो. जग बदलून आल्यासारखं वाटत होतं.

मार्चमध्ये अण्णांचा फोन आला. "ऊस पिवळा पडलाय."

मी म्हणालो, "थांबा. जमीन सुधारतीय. वेळ लागतो."

एप्रिलमध्ये परत फोन. "शेजारचा ऊस गुडघ्याला लागलाय. आपला वीतभर हाय."

मी परत म्हणालो, "थांबा." त्या आठवड्यात माझ्या टेस्ट चालू होत्या. खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत तो एकर तुटला. २१ टन! म्हणजे नेहमीपेक्षा सतरा टन कमी. तीन हजारांच्या आसपास दर धरला तर पन्नास हजारांचा खड्डा. माझ्या पुढच्या वर्षाची फी त्या एकरावरच अवलंबून होती, हे मला तेव्हा कळलं. फी वेळेवर भरली गेली. कशी, ते मला घरी गेल्यावर दिसलं. गोठ्यात म्हैस नव्हती.

त्यातला विनोद असा की, म्हशीबरोबर घरचं शेणही गेलं. सेंद्रिय शेती करायला निघालेल्या पोरानं घरातला सेंद्रिय खताचा एकमेव कारखाना विकायला लावला!

रात्री जेवताना मी अण्णांना विचारलं, "पिवळा पडलेला दिसत होता, तर एक पोतं युरिया का नाही टाकलात? मला कळलंही नसतं."

ते म्हणाले, "तू थांबा म्हणालास. तू शिकतोयस, तुला म्हाईत आसंल म्हटलं."

मित्रहो, मला आजवर अनेक विषयांत कमी मार्क पडले आहेत. दोन के.ट्या.ही लागल्या आहेत. पण इतकं नापास झाल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं. अर्धवट ज्ञानावर आपण रूमवर रात्रभर वाद घालू शकतो, तिथं कुणाचं नुकसान होत नाही. पण घरचा माणूस त्या ज्ञानावर विश्वास ठेवून वर्षभर बांधावर उभा राहतो, तेव्हा गोष्ट वेगळी असते.

सेकंड इयरच्या शेवटी धीर करून मी आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाले, "ही तुझी जमीन. आता मास बॅलन्स मांड."

मांडला, आणि माझी चूक फळ्यावर पांढऱ्या खडूत समोर आली. पाचट म्हणजे बहुतेक कर्बच. त्यात एक भाग नत्राला शंभराच्या आसपास भाग कर्ब असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीस-तीस भाग कर्बामागं एक भाग नत्र लागतं. पाचटात ते मिळालं नाही की ते जमिनीतलं नत्र उचलतात. म्हणजे मी मेसमध्ये अचानक हजार पाहुणे जेवायला आणून बसवले, वरून भाजीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं, आणि मग ऊस उपाशी का म्हणून विचारत बसलो! जिवाणू मेल्यावर ते नत्र जमिनीला परत मिळतं, बुडत नाही. पण तोवर उसाचे वाढीचे महिने निघून गेलेले असतात.

सर म्हणाले, "सेंद्रिय शेती चुकली नाही. तू स्टार्ट-अपचा काळ हिशेबात धरला नाहीस. कुठला प्लांट पहिल्या दिवशी फुल कपॅसिटीला चालतो?"

त्याच सुमारास वर्गात अमोनियाची हेबर पद्धत झाली. हेबरनं १९०९ साली प्रयोगशाळेत हवेतलं नत्र पकडून दाखवलं आणि १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊला त्याचा पहिला कारखाना सुरू झाला. चारशे ते पाचशे अंश तापमान, दीडशे-दोनशे पटींनी जास्त दाब आणि लोखंडाचा कॅटॅलिस्ट. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटात जाणारं अन्न या नत्रावर उभं आहे असं मानतात. त्यामुळे युरियाला सरसकट विष म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्या शास्त्रानं इतक्या ताटांत भाकरी वाढली, त्याला शिव्या देणं केमिकलच्या मुलाला तरी शोभत नाही.

पण त्या तासाला मला आठवलं ते वेगळंच. आजी हरभऱ्याचं झाड उपटून मुळांवरच्या गाठी दाखवायची. त्या गाठी नखानं फोडल्या की आत लालसर गुलाबी रंग दिसतो. त्या गाठींतले रायझोबियम नावाचे जिवाणू हेच काम करतात. हवेतलं नत्र पकडतात. ना पाचशे अंशांची भट्टी, ना कॉम्प्रेसर. साध्या रानातल्या तापमानाला, साध्या हवेच्या दाबाला! आमच्या बांधावर अख्खा फर्टिलायझर प्लांट होता आणि मी त्याचा डायग्राम पाठ करायला इथं आलो होतो.

शिवाय पोत्यातून टाकलेलं सगळं नत्र पिकाला मिळतं असंही नाही. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र सुमारे एकवीस किलो. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा बऱ्याचदा पिकापर्यंत पोचतच नाही. काही अमोनिया होऊन उडून जातो, आमच्यासारख्या जास्त सामूच्या जमिनीत तर अधिकच. काही पाण्याबरोबर खाली जातो. जमिनीत सेंद्रिय पदार्थ असेल तर त्यातला बराचसा धरून ठेवला जातो आणि झाडाला हळूहळू मिळतो. नाही तर आपण बुडाला भोक पडलेल्या टाकीत पंप चालू ठेवून बसलोय!

आणि नत्राचा डोस जास्त झाला की पानं कोवळी, रसाळ, हिरवीगार होतात. बघायला छान. रस शोषणाऱ्या किडीलाही तेच हवं असतं. अण्णा अजून २००२ सालच्या लोकरी माव्याची आठवण काढतात. तेव्हा सांगली भागात उसाची पानं कापूस लावल्यासारखी पांढरी झाली होती. फवारण्या खूप झाल्या, पण मावा आटोक्यात आणायला खरी मदत झाली ती डिफा आणि मायक्रोमस या दोन मित्रकीटकांची. ज्या रानात किडीचे शत्रू जगू शकतात ते रान आजारातून लवकर उठतं, हे अण्णांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते फक्त त्याला 'सेंद्रिय' म्हणत नाहीत, एवढंच.

असो! थिअरी पुष्कळ झाली. आता प्रॅक्टिकल.

रानात परत हात घालायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पहिला प्रयोग हॉस्टेलवर केला. मेसच्या मागं जो खड्डा आहे तो आमचा. सुरुवातीला आम्ही त्यात मेसचं उरलंसुरलं नुसतं ओतत गेलो. आठ दिवसांत असा वास सुटला की रेक्टर सर नाकाला रुमाल लावून आमच्या रूमवर आले. ते जे बोलले ते मॅगझिनमध्ये छापण्यासारखं नाही.

परत तोच मास बॅलन्स! या वेळी उलटा. ओलं, नत्राचं खूप झालं होतं. कोरडा कर्ब नव्हता आणि हवा नव्हती. मग वाळलेली पानं आणली. वर्कशॉपच्या कारपेंट्री शॉपमधून भुसा आणला (फर्स्ट इयरला तिथं जॉब करताना तो एवढा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं). एक थर ओला, एक थर कोरडा, वर थोडं शेण आणि माती. अधूनमधून फावड्यानं वरखाली करायचं. चार दिवसांत वास गेला. लॅबमधला थर्मामीटर खुपसून पाहिला तर आत साठ अंश! आत कुणी हीटर लावलेला नाही. नुसते जिवाणू जेवतायत आणि त्यांच्या जेवणाची ती ऊब. रेक्टर सरांनी स्वतः हात जवळ नेऊन पाहिला आणि 'हं' म्हणून निघून गेले. त्या 'हं'ला आम्ही परवानगी समजलो.

ही पद्धत आमची नाही. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत होते. त्यांनी आपल्याकडच्या शेतकऱ्यांचं बघून, तपासून, मोजून ही थराथरांची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्यावरच्या १९३१ सालच्या पुस्तकावर हॉवर्डच्या बरोबरीनं दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्डचं नाव पुस्तकांतून भेटतं, वाडांचं सहसा भेटत नाही. म्हणून मुद्दाम लिहिलं.

लायब्ररीत आणखी एक गोष्ट सापडली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८४३ सालापासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. एका पट्ट्याला दर वर्षी शेणखत, काहींना रासायनिक खत, एकाला काहीच नाही. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब आता खतांच्या पट्ट्यांपेक्षा दुपटीहून जास्त आहे. पण हेही खरं की, नीट खत दिलेल्या पट्ट्यांतही गहू चांगलाच येतो. म्हणजे हे भांडण साधं-सोपं नाही. खतानं पीक येतं. शेणखतानं जमीन होते. अण्णांनी वर्षानुवर्षं फक्त पीक आणलं होतं आणि मी एका वर्षात फक्त जमीन करायला गेलो होतो.

माझ्यासारखाच उतावीळपणा एका अख्ख्या देशानं केला. श्रीलंकेनं २०२१ साली रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली. भाताचं आणि चहाचं उत्पादन पडलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागं घ्यावी लागली. उलट सिक्कीमनं २००३ साली ठरवलं आणि २०१६ साली ते राज्य पूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झालं. तिथं आधीपासूनच रासायनिक खत कमी वापरायचे, तरीही तेरा वर्षं लागली! मी अण्णांकडे एक वर्ष मागितलं होतं.

मग दुसऱ्यांदा अण्णांसमोर बसलो, तो कागद घेऊन. कॅलेंडरमागचा रिपोर्टही काढला. या वेळी 'दाखवतो' असं म्हणालो नाही. "तीन-चार वर्षं लागतील," म्हणालो. "खत एकदम बंद करायचं नाही. निम्म्यावर आणू. आणि ओढ्याकडच्या एकरात एक वर्ष ऊस नको."

अण्णा म्हणाले, "ऊस नको तर काय?"

आतून आजी म्हणाली, "हरबरा कर. सासऱ्यांच्या टायमाला उसाला हरबऱ्याचाच बेवड आसायचा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही, आजीकडे बघितलं. माझ्या कागदापेक्षा त्या 'बेवड' शब्दाचं वजन जास्त पडलं. पडू दे. मतलब एकच.

जूनमध्ये धैंचा पेरला. दीड महिन्यानं कंबरेला लागला, फुलावर यायच्या आत गाडला. तो हिरवा आणि कोवळा, त्यामुळे पाचटासारखा भुकेला नाही. रब्बीला हरभरा केला, सात पोती निघाला. त्या पैशात अण्णांनी काही न बोलता एक रेडी विकत आणली. फेब्रुवारीत उसाची लागण केली. खत निम्मं. उरलेल्या दोन एकरांतलं पाचट सऱ्यांमध्ये नुसतं पसरलं, गाडलं नाही. वरून राहिलं की ते जमिनीचं ऊन अडवतं, ओल धरतं, तण दाबतं आणि खालून सावकाश कुजत जातं. पाण्याची एक पाळी पुढं ढकलता येते, हे अण्णांनीच मला सांगितलं.

आणि मग आले बनियन!

थर्ड इयर संपवून घरी गेलो तेव्हा मला काही तरी मोजायचं होतं. कर्ब एक-दोन वर्षांत फारसा हलत नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये चमत्कार दिसणार नव्हता. मग वाचलं की, २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये संशोधकांच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनी आणि बागवाल्यांनी सुती चड्ड्या जमिनीत पुरल्या होत्या. सूत म्हणजे सेल्युलोज. जमिनीत खाणारे जीव जितके जास्त तितकं कापड लवकर संपतं. बाहेर काढलं की जमिनीत किती जीव आहे याचा अंदाज येतो. मी आमच्या घराण्याची अब्रू राखून बनियन घेतले, एवढाच फरक.

तिन्ही एकाच दुकानातले, एकाच मापाचे. एक अण्णांच्या दोन एकरांत, एक माझ्या ओढ्याकडच्या एकरात आणि तिसरा आजीच्या परड्यात. परडं म्हणजे घरामागचा दीड गुंठा. तिथं ती चाळीस वर्षं चुलीची राख, शेण, पालापाचोळा टाकत आली आहे आणि वांगी, घेवडा, आळू काढत आली आहे. तिथं युरियाचा दाणा कधी गेलेला नाही. शेजारचे म्हणायला लागले, "शिकून पोरगं बिघडलं." बनियन पुरून उजेडात खुंट्या ठोकणाऱ्या माणसाबद्दल दुसरं कोण काय म्हणणार?

गणपतीला गावी गेलो. आरती झाल्यावर अण्णा स्वतः कुदळ घेऊन निघाले.

पहिला, त्यांच्या रानातला. मळका झाला होता, दोन-चार डाग पडले होते. बाकी अख्खा. आजी बांधावरून म्हणाली, "धुऊन घाल की. अजून वरीसभर जाईल."

दुसरा, माझ्या एकरातला. काढताना हातात फाटला. पाठीची पार चाळणी झालेली, खालचा घेर गायब. त्याच्या घड्यांत तीन गांडुळं होती.

तिसरा सापडेचना. खुंटीच्या बुडाशी बराच वेळ उकरल्यावर गळ्याची नुसती शिवण हाताला लागली, कारण दोरा पॉलिस्टरचा. आणि दुकानाचं लेबल. बाकी सगळा बनियन आजीच्या वांग्यांनी खाल्ला होता!

मी मग घरी आणखी एक गंमत केली. तिन्ही ठिकाणची वाळलेली ढेकळं तीन काचेच्या ग्लासांत पाण्यात अलगद सोडली. अण्णांच्या रानातलं ढेकूळ बघता बघता विरघळलं आणि पाण्याचा चहा झाला. परड्यातलं तसंच बसून राहिलं, पाणी जवळजवळ स्वच्छ. माझ्या एकरातलं मधलं, अर्धं सुटलं, अर्धं टिकलं. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकटपणा मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून तिथं पाऊस आत जिरतो, मुळांना हवा मिळते. जिथं धरणारं कुणी नाही तिथं पहिल्याच पावसात माती पाण्याबरोबर ओढ्याला जाते आणि वर पापडी धरते.

अण्णा त्या पहिल्या ग्लासाकडं बराच वेळ बघत बसले. मला वाईट वाटलं. हे सगळं त्यांना हरवायला केल्यासारखं दिसत होतं. मी म्हणालो, "अण्णा, तुमची चूक नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते तुम्ही केलं."

ते म्हणाले, "तसं न्हाई. तू सांगितलंस तेबी केलंच की." आणि हसले. म्हैस गेल्यापासून त्या विषयावर ते पहिल्यांदाच हसले.

मग उठून त्यांनी तो अख्खा बनियन पिळून गोठ्यातल्या खुंटीला अडकवला. आई म्हणाली, "घाण कशाला ठेवताय घरात?" अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढच्या जूनला माज्या रानात ह्योच परत पुरायचा. बगू कुठवर टिकतोय."

ही झाली खरी हकीकत. बनियन तीनच, सात नाहीत.

माझ्या एकरातला ऊस अजून उभा आहे, तुटायला वेळ आहे. तो ३८ टन होईल असा दावा मी करणार नाही. एकदा दावा करून बघितलाय. थोडा कमीही पडेल. पण खताचा खर्च निम्मा आहे आणि पानं पिवळी नाहीत. परवा अण्णांचा फोन आला तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं की, त्यांच्या दोन एकरांतला ऊस तुटला की यंदा पाचट पेटवायचं नाही. शेजाऱ्यालाही सांगितलंय, ठिणगी इकडं येऊ देऊ नको म्हणून.

आपण सगळे 'नाईट मारून' पास होणारे लोक. एका रात्रीत युनिट संपवायचं, सकाळी पेपर लिहायचा, दुपारी विसरायचं. युरियाची गोणी म्हणजे तशी एक नाईट आहे. गरजेला ती मारावीही लागते, मी नाही म्हणत नाही. पण चार वर्षं फक्त नाईट मारूनच काढली की डोक्यात शेवटी किती कर्ब उरतो, ते आपल्याला कॅम्पस इंटरव्ह्यूत कळतं. जमिनीलाही लागलेली के.टी. एका रात्रीत सुटत नाही. रोज थोडं थोडं, पाचोळ्यासारखं, शेणासारखं, न दिसणारं काही तरी घालत राहावं लागतं. आणि ते होईपर्यंत कुणाला तरी बांधावर थांबावं लागतं. आपण इथं शिकत असतो तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी कुणी तरी असं थांबलेलंच असतं.

जाता जाता एक विनंती. मेसमागचा खड्डा आम्ही चार जण चालवतो आणि चौघंही फायनल इयरचे. जूनमध्ये आम्ही जाणार. सेकंड इयरमधल्या कुणाला फावडं हातात घ्यायचं असेल तर रूमवर या. थर कसे लावायचे ते शिकवू. थर्मामीटर मात्र लॅबला परत करायचा आहे.

येताना एक जुना सुती बनियन आणा.

(अंतिम वर्ष, केमिकल)